मिठाला वास नसतो

वरलक्ष्मीच्या गुडघ्यांची जेवढी चौकशी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांमध्ये झाली, तेवढी लग्नाच्या वेळी खुद्द वरलक्ष्मीचीही कुणी केली नव्हती. तीन वर्षांत तिच्याकडे तेलाच्या अकरा बाटल्या जमल्या. कुणी कुंभकोणमहून आणलेलं, कुणी केरळातल्या वैद्याकडचं, एक तर सरळ मोटारच्या इंजिनात ओतावं असलं काळंकुट्ट. वरलक्ष्मी प्रत्येकीचे आभार मानायची, बाटली फळीवर ठेवायची आणि पाहुणी असेतोवर लंगडायची. एकदा ती आत जाताना डाव्या पायानं लंगडली आणि कॉफी घेऊन बाहेर येताना उजव्या. पण पाहुणी स्वतःच्या तेलाचं कौतुक सांगण्यात इतकी रमली होती की तिला त्याचा पत्ता लागला नाही.

गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं. गेलं होतं ते नाक.

तसं नाक जागच्या जागी होतं, त्यातली हिऱ्याची चमकीसुद्धा शाबूत होती. साथीच्या वर्षी ताप आला, आठ दिवसांत उतरला आणि उतरताना वास तेवढा घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, शिरेचं काम आहे, कुणाचा वास परत येतो, कुणाचा नाही, तोवर लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब रोज दोन वेळा हुंगत जा. तिनं दीड वर्ष नेमानं हुंगलं. शिंका पुष्कळ आल्या, वास काही आला नाही.

दुसऱ्या कुणाचं एवढ्यावर भागलं असतं. एखाद्या हेडक्लार्कचा वास गेला तर कचेरीचं काय अडतं? वरलक्ष्मीचं अडलं, कारण ती तीस वर्षं तंजावूरच्या मराठी घरांतला सोवळ्यातला स्वयंपाक करत होती. कुलदेवीच्या समाराधनेची पंगत असो, मुंज असो, नैवेद्याचं पान असलं की वरलक्ष्मीला बोलावणं जाणारच. आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाचा नियम असा की देवाला दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही. पळीभरही नाही, थेंबभरही नाही. बोटाला लागलं तर बोट धुवायचं, चाटायचं नाही. मग दोनशे पानांचं सांबार आंबट झालंय की कच्चं राहिलंय हे कळणार कसं? सासूनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तोंड बंद ठेव आणि नाकानं चाख. तिनं तीस वर्षं नाकानं चाखलं, आणि गावात नाव झालं ते त्याच नाकाचं. पातेल्यावरच्या वाफेत एकदा मान घातली की वरलक्ष्मी सांगायची, चिंच अजून कच्ची आहे, पाच मिनिटं थांबा.

आता तेच नाक गेलं म्हटल्यावर सोवळ्याच्या चुलीशी तिला कोण उभं करणार? म्हणून तिनं गुडघे पुढे केले. गुडघेदुखीला सगळे मान देतात.

जेवणाची तर दशाच झाली होती. आंबट, खारट, गोड, तिखट एवढं जिभेला कळायचं, बाकी घास म्हणजे ओला कागद. एका सकाळी दूध गॅसवर ठेवून ती त्याच खोलीत तांदूळ निवडत बसली. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, भांडं काळं झालं, आणि दोन हातांवर बसलेल्या वरलक्ष्मीला काहीही कळलं नाही. नणंद सरोजा दूध जळाल्याच्या वासानं माडीवरून धावत खाली आली. त्या दिवशी वरलक्ष्मी चुलीपुढे बसून खूप रडली. आपण आता या घरात पाहुणी आहोत असं तिला वाटलं.

अशात आषाढात राजमअक्का आली.

राजमअक्का म्हणजे हनुमंतरावांची बायको. हनुमंतराव कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, मवाळ, जेवणाचे शौकीन. राजमअक्का सत्तरीची, मवाळ नाही. तिच्या सोवळ्याची धास्ती भटजींनासुद्धा होती. कुलदेवीची समाराधना त्यांच्याकडे श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी व्हायची, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती वरलक्ष्मीशिवाय कधी झाली नव्हती. नंतरच्या स्वयंपाक्यांपैकी एकाचं सारू, म्हणजे चिंचेचं सार, निव्वळ तिखट पाणी होतं आणि दुसऱ्याचं पुरण चमच्यानं खावं लागलं. रिक्षातून उतरल्या उतरल्या राजमअक्कानं हे सगळं सांगून टाकलं.

वरलक्ष्मीनं गुडघ्यांवर हात ठेवला.

"गुडघे काय चुलीवर ठेवाचे आहेत?" राजमअक्का म्हणाली. "हात चालले म्हणजे पुरे. उंच स्टूल देत्ये. उचलाला दोघी बायका देत्ये. आणि काय पाहिजे?"

असं म्हणून तिनं पितळी तबक पुढे केलं. विड्याची पानं, सुपारी, नारळ. आचाऱ्याला आमंत्रण द्यायची ही जुनी रीत. तबक घेतलं की शब्द दिला, मग घरात काहीही होवो, चूल पेटवायला जावंच लागतं. वरलक्ष्मीला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलंही. पण समोर तबक आलं की हात पुढे करायची सवय तीस वर्षांची होती, आणि तोंडाच्या आधी हात पोचले. राजमअक्का रिक्षात बसून निघूनही गेली, तरी वरलक्ष्मी तबक हातात धरून दारात उभीच होती.

"घेतलंस वैनी तूं?" सरोजा आतून म्हणाली.

घेतलं होतं. हातात उरले होते पाच आठवडे.

पहिला उपाय सरळ होता. आपलं नाक नाही तर सरोजाचं. सरोजा चोपन्न वर्षांची, लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परतलेली आणि तेव्हापासून वहिनीच्या हाताखाली भाज्या चिरणारी. सुरीचा हात तिच्यासारखा सगळ्या गल्लीत कुणाचा नव्हता. नाकाच्या बाबतीत मात्र देवानं हात आखडता घेतला होता. तिला दोनच वास माहीत होते, बरा आणि बरा नाही. मेथी भाजली, बरा आहे. मेथी जास्त भाजली, बरा आहे. धणे कोळसा झाले तेव्हा सरोजानं डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाली, "तसा बराच आहे."

वरलक्ष्मीनं कढई खाली आपटली. तबक परत करते, म्हणाली. आज, आत्ता टाऊन बसनं जाते आणि राजमअक्काच्या पायांवर डोकं ठेवून सांगते की मी स्वयंपाकीण राहिले नाही. नाकाशिवाय मी कोण? त्यापेक्षा खरंच गुडघे गेले असते तर परवडलं असतं.

सरोजा पांढरा भोपळा चिरत होती. तबक परत करायला जायचं म्हणजे सोबत आपल्यालाच जावं लागणार, आणि राजमअक्कापुढे मान खाली घालून उभं राहण्यापेक्षा तिला भोपळा बरा वाटत होता. ती म्हणाली, "वैनी, मिठाला कसला वास असतो?"

"मिठाला कुठला वास?"

"मग तीस वर्षांत एकदाही खारट झालं नाहीं तें कसं? चाखाला तर येत नव्हतं. हुंगलंस म्हणावं तर वास नाहीं."

एवढं बोलून सरोजा पुन्हा भोपळ्याकडे वळली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. वरलक्ष्मीचा मात्र तिथून सुरू झाला.

तिनं कढई बाजूला सारली. मग मिठाचा डबा काढला, डोळे मिटले आणि समोर साठ पानांच्या सांबाराचं पातेलं आहे असं मनात धरून मूठ भरली. ती मूठ वाटीत सोडली आणि सरोजाला वजनकाट्यावर ठेवायला सांगितली. पुन्हा मूठ. पुन्हा वजन. सहा वेळा केलं. काट्यावरचा आकडा जेमतेम चिमटीभर हलत होता. सातव्या वेळी तिनं मुद्दाम चुकायचं ठरवलं तर हातच आखडला. वरलक्ष्मी आपल्या तळहाताकडे बघत राहिली. हे याला कुणी शिकवलं? कधी? आणि याला एवढं येतं, तर अंगातल्या आणखी कुणाकुणाला काय काय येत असेल?

तिला राहून राहून हसू यायला लागलं. इतकी वर्षं नाक एखाद्या नगरसेवकासारखं पुढे उभं राहून हार घालून घेत होतं, आणि कामं भलतेच करत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं त्याला शेजाऱ्यांनी वेड म्हटलं तर दोष देता येणार नाही. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर हद्दपार. सरोजालाही तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि पाच आठवड्यांतलं सगळ्यांत अवघड काम तेच होतं. वरलक्ष्मी कढईशी कान लावून बसायची. मेथी भाजताना आधी गप्प असते, मग टिचटिच करते, आणि टिचटिच दाट होऊन एकदम विरळ झाली की उतरवायची, नाहीतर कडू. धण्यांचा आवाज फसवा, पण परतताना ते हलके होतात आणि कढईच्या बुडावर वाळूसारखे नाही, पेंढ्यासारखे घसरतात. लोणी कढवताना ते चरचरत राहतं आणि ज्या क्षणी गप्प होतं, त्या क्षणी तूप झालेलं असतं. चिंचेचं पाणी कच्चं असताना वरच्या पट्टीत सळसळतं, शिजलं की आवाज खाली येतो, जाड होतो, मधेमधे श्वास घेतो. हे सगळं ती तीस वर्षं ऐकत आली होती. लक्ष मात्र कधी दिलं नव्हतं.

कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर ती हे लिहून ठेवायची. अक्षरं तमिळ, भाषा घरची, कारण देवनागरी तिला देवाच्या पोथीपुरतीच यायची. अकरा दिवस नुसतं जळलं आणि कच्चं राहिलं. एकदा डाळ, दोनदा खोबरं, आणि धणे किती वेळा ते विचारू नये. काही संध्याकाळी ती कंटाळून म्हणायची की हा खेळ मूर्खपणाचा आहे, कानानं कुणी स्वयंपाक करतं का? सकाळी मात्र सरोजाच्या आधी उठून चूल तिनंच पेटवलेली असायची. खोटं कशाला सांगू, तिला भीती वाटायचीच, रोज वाटायची. पण भीतीपेक्षा उत्सुकता अंगुळभर जास्त होती. आज हिंगाचं काय होतं ते बघायचं होतं. हिंग काही बोलत नाही, पण तुपात फुगतो, फुगून कड सोनेरी करतो, आणि मग डोळ्यांनी काम भागतं.

चौथ्या आठवड्यात तिनं सारू केलं आणि वाटी सरोजापुढे ठेवली. सरोजा प्यायली. बरं आहे म्हणाली नाही. नुसती रिकामी वाटी पुन्हा पुढे केली.

समाराधनेच्या दिवशी पहाटेच दोघी हनुमंतरावांच्या घरी पोचल्या. न्हाऊन, ओली साडी नेसून वरलक्ष्मी चुलीशी उभी राहिली. उंच स्टूल खरोखरच ठेवलेलं होतं. फुलांची परडी सरोजाकडे होती, आणि सवयीनं तिनं मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा उचलून नाकाशी नेला. राजमअक्का कुठून आली कोण जाणे, पण आली.

"फुलं हुंगाची नाहींत, सरोजा. हुंगलेलं फूल देवीला चालत नाहीं, ठाऊक नाहीं तुला?"

तो गजरा बाजूला गेला आणि सरोजाचं तोंड एवढंसं झालं.

साठ पानं होती. मेथी बोलली, तूप गप्प झालं, हिंग फुगला. पुरण शिजत होतं. वरलक्ष्मीचे कान असे लागले होते की परसातल्या नळाचा थेंबसुद्धा तिला मोजता आला असता. नऊ वाजता तिनं साराला चिंचेचं पाणी ठेवलं, शेजारी सांबाराला ठेवलं, आणि दोन्ही पातेल्यांच्या मधे कान देऊन उभी राहिली. सळसळ सुरू झाली होती.

आणि तेवढ्यात कर्णे वाजले.

आता इथं वरलक्ष्मीला कान धरून विचारायला हवं. जन्म तंजावुरात गेला, घर देवळांनी वेढलेलं, आणि तरी ही चूक? पण ही चूक तंजावूरच्या मराठी माणसानंच करावी. त्यांच्या घरात एक पंचांग आणि गल्लीत दुसरं. घरात श्रावणातला पहिला शुक्रवार होता, आणि गल्लीत तोच शुक्रवार तमिळ आडी महिन्यातला शेवटचा होता. आडीच्या शुक्रवारी मारियम्मनच्या देवळापुढे आंबील वाटतात आणि सकाळपासून कर्ण्यांवर देवीची गाणी लावतात, हे तिला बोटावर मोजून सांगता आलं असतं. पण पाच आठवडे ती शांत खोलीत श्रावण मोजत बसली, आणि हनुमंतरावांच्या परसाच्या भिंतीला लागूनच मारियम्मनचं देऊळ आहे याचा तिला साफ विसर पडला. चार कर्णे. त्यांतला एक थेट स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून.

डबे थरथरायला लागले. सरोजा काहीतरी म्हणाली ते तिच्या ओठांवरूनच कळलं. पातेली उकळत होती, पण मुक्यानं. वरलक्ष्मीनं वाफेत मान घातली. वास नव्हता. कान टेकवला. ढोल. डोळ्यांनी बघावं तर वाफ, आणि वाफेखाली हळदीचा रंग, जो कच्च्या चिंचेतही तसाच दिसतो आणि शिजलेल्यातही. नाक तर केव्हाच गेलं होतं, आता कानही गेले. खरं सांगायचं तर तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

हात मात्र ढवळतच होता. त्याला काही कळवलेलंच नव्हतं. आणि ढवळता ढवळता वरलक्ष्मीला जाणवलं की करंडी थरथरते आहे. करंडी म्हणजे तंजावुरी बोलीतली पळी, पितळेची, हातभर दांड्याची, टोक पातेल्यात, दुसरं टोक तिच्या मुठीत. कर्ण्यांची थरथर जाड होती, सगळीकडून येणारी. ही बारीक होती, आतून येणारी. तिनं ढवळणं थांबवून करंडी नुसती धरून ठेवली. मुठीत टिकटिक लागत होती. तिनं कोपर टेकवून बघितलं, मनगट टेकवून बघितलं. मग दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला लावलं.

आणि ऐकू आलं. कर्णे बाहेर राहिले, पातेलं आत आलं. सळसळ, बारीक, वरच्या पट्टीतली. सांबार अजून कच्चं होतं. तिनं दुसऱ्या करंडीनं सारू ऐकलं. तेही कच्चं, पण उतरणीला लागलेलं. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून, कानामागे पितळ धरून, आणि घामाच्या धारा लागलेल्या असताना तिच्या चेहऱ्यावर लहान मुलाला भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू यावं तसं काहीतरी पसरलं.

साराचा आवाज जाड झाला, श्वास घेऊ लागला. तिनं डाळीचं पाणी घातलं, फेस धरू दिला आणि उतरवलं. सांबारही तसंच ऐकून उतरवलं आणि वळली तर दारात राजमअक्का.

नेमकी त्याच वेळी कर्ण्यांवरची गाणी थांबली होती की वीज गेली होती, कोण जाणे, पण घर एकदम शांत झालं.

"करंडी केसांना लावलीस," राजमअक्का म्हणाली.

"धुवून घेत्ये, अक्का. लावलेली बाजू पातेल्यात गेली नाहीं."

"पण लावलीस कां?"

कान दुखतोय म्हणाली असती तर चाललं असतं. तीन वर्षं गुडघे दुखत होते, त्यात एक कान खपून गेला असता. सरोजा मागून तेच सुचवत होती, स्वतःचा कान चोळून. पण वरलक्ष्मीला एकाएकी लबाडीचा वीट आला. देवीच्या पानावर जायचं अन्न समोर होतं, आणि ते तिनं चोरून केलं नव्हतं, शोधून केलं होतं.

"मला वास येत नाहीं, अक्का," ती म्हणाली. "तीन वर्षं झालीं. गुडघ्यांना कांहीं झालेलं नाहीं. यांतलं एकही पातेलं मीं हुंगलेलं नाहीं. ऐकून केलें आहे. आतां तुम्ही सांगाल तें."

बाहेर साठ माणसं बसायची होती. भटजी तयार होते. राजमअक्कानं पातेल्यांकडे बघितलं, मग वरलक्ष्मीकडे, मग जमिनीकडे. सरोजा भिंतीला इतकी चिकटली की भिंतीत शिरते की काय असं वाटावं.

"सरोजा," राजमअक्का म्हणाली, "सकाळीं मीं तुला काय सांगितलें?"

सरोजाला वाटलं जुना गुन्हा उकरला जातोय. "फुलं हुंगाची नाहींत म्हणून."

"कां?"

"उष्टं होतें."

"आणि अन्न?"

सरोजा पातेल्यांकडे बघू लागली.

"माझ्या सासूनं हुंगलं," राजमअक्का म्हणाली. "मीं या दारांत उभं राहून दर वर्षीं हुंगलं. हिनं तर हुंगूनच नांव काढलं. फुलाला एक नियम आणि साराला दुसरा, तें कधीं मनांत आलं नाहीं. इतकीं वर्षं सासूपासून हिच्यापर्यंत अस्क्यांनी हुंगलेलं देवीनं गोड मानून घेतलं. करणाऱ्यानं न हुंगलेलं तिला आजच मिळतें आहे."

आणि तिनं सोवळ्याच्या लुगड्याचा पदर घट्ट नाकाला लावला.

"पण तें चांगलं झालें कीं नाहीं, मला खरंच ठाऊक नाहीं, अक्का," वरलक्ष्मी म्हणाली. देवीची अडचण सुटली तरी तिची सुटली नव्हती.

"तें जेवणारे सांगतील," राजमअक्का पदराआडून म्हणाली. "पान वाढ."

अशा रीतीनं त्या वर्षी हनुमंतरावांच्या कुलदेवीचा नैवेद्य एका हातात पान आणि दुसऱ्या हातात नाक धरून देवघरात गेला. सरोजालाही नाक धरायची आज्ञा झाली होती. बघून भटजी गोंधळले, पण राजमअक्काला कारण विचारण्याइतके ते अननुभवी नव्हते.

पंगत बसली. वरलक्ष्मी दाराआड उभी राहिली. कर्णे पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते ऐकू येत नव्हतं, नुसते हात दिसत होते. वांगीभाताशी एका म्हाताऱ्यानं नाक मुरडलं. धणे जरा जास्त झाले असणार, धणे फसवेच. पुरणपोळीवर तुपाची वाटी दुसऱ्यांदा फिरली. सारू वाढणारी बाई रिकामं भांडं घेऊन आत आली, भरून घेऊन गेली, पुन्हा रिकामं घेऊन आली. हनुमंतराव भात बाजूला सारून सारू ओंजळीत घेऊन पीत होते. तिसऱ्या ओंजळीनंतर त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं आणि चौथ्यांदा ओंजळ पुढे केली. वरलक्ष्मीनं चौकटीला डोकं टेकलं. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला सोवळ्यातला हात मोकळा नव्हता.

दोघी सगळ्यांत शेवटी बसल्या. वरलक्ष्मीनं सारू तोंडात घेतलं. आंबट होतं, खारट होतं, घशाला तिखट लागलं. पलीकडे काही नव्हतं. भिंत होती तिथंच होती.

"कसं झालें आहे?" तिनं विचारलं.

सरोजानं वाटी नाकाखाली धरली. पाच आठवडे रोज हा प्रश्न ऐकून तिच्या नाकाला नाही म्हटलं तरी जरा वळण लागलं होतं. ती हळूहळू, एकेक शोधत बोलायला लागली. "आधीं तूप येतें. त्याच्यामागून जिरं. मग हिंग, पण लगेच जातो. मग..." ती थांबली, पुन्हा हुंगलं. "चिंच येतें. पण ओरडत नाहीं. बसून बोलते."

वरलक्ष्मीनं डोळे मिटले. वास आला नाही. पण चिंच ओरडायची थांबून बसून बोलायला लागली, तो क्षण तिला ठाऊक होता. तो तिच्या कानामागच्या हाडात अजून होता. तिनं आणखी एक पळी सारू वाढून घेतलं आणि सरोजाला म्हणाली, पुन्हा सांग.

निघताना राजमअक्का पितळी तबक घेऊन आली. पानं, सुपारी, नारळ. पुढच्या वर्षीचं आमंत्रण. पुढच्या वर्षीही कर्णे असतील, आपण बंद करा म्हणून सांगणार नाही, तीही देवीच आहे, असंही बजावलं. या वेळी वरलक्ष्मीचे हात आपसूक पुढे गेले नाहीत. तिनं ते नीट धुतले, पदराला पुसले, एकदा उलटसुलट करून बघितले, आणि मग तबक घेतलं.

"आणि त्या तेलाच्या बाटल्या?" राजमअक्कानं विचारलं. "त्यांतली एक माझी आहे."

"आहेत कीं अक्का. अकराही तशाच आहेत, उघडलेल्या नाहींत."

"मग माझी परत दे," राजमअक्का म्हणाली. "माझे गुडघे खरे दुखतात."